दर हिवाळ्यात गुझमानियाचा गाभा सडतो: दोष कुठे शोधावा आणि तापमान कसे राखावे

दिवाळीच्या आसपास नर्सरीतून आणलेली, मधोमध लालभडक तुरा असलेली गुझमानिया नोव्हेंबरभर दिमाखात उभी असते. डिसेंबरच्या अखेरीस तिची पाने निस्तेज होऊ लागतात आणि संक्रांतीच्या सुमारास तुऱ्याचा दांडा जरासा हलवून पाहावा, तर तो गाभ्यातून सुटून हातात येतो. दांड्याचा तळ तपकिरी आणि बुळबुळीत झालेला असतो आणि फुलदाणीतले पाणी आठवडाभर बदलले नाही म्हणजे जसा वास सुटतो, तसा वास त्याला येत असतो. माझ्या घरी असे सलग तीन हिवाळे झाले. दर वेळी झाड नवे होते, कुंडी नवी होती, खताचे प्रमाणही बदललेले होते; शेवट मात्र तोच झाला. पुण्या-नाशिकच्या पट्ट्यात ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातील झाडे घरात ठेवणाऱ्या अनेकांना याच अडचणीला तोंड द्यावे लागते, म्हणून मला तिचा माग कसा लागला आणि पुढे काय केल्याने झाड वाचले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या वर्षी मला सांगण्यात आले की पाणी जास्त होत आहे. दुसऱ्या वर्षी बुरशीचे निदान झाले, तर तिसऱ्या वर्षी ऊन कमी पडत असल्याचे. या प्रत्येक सांगण्यात थोडेथोडे तथ्य होते आणि त्यामुळेच खरे कारण इतके दिवस झाकलेले राहिले. गुझमानियाला थंडी सोसवत नाही हे मला वाचून ठाऊक होते, परंतु माझ्या घरात तेवढी थंडी पडत असेल अशी शंकाही मला आली नव्हती, कारण दिवाणखान्यातील भिंतीवरचा तापमापक रात्री दहा वाजता २१ अंश सेल्सिअस दाखवत असे आणि त्या आकड्यावर मी निर्धास्त होतो. चूक त्या आकड्यात नव्हती. झाड ज्या जागी होते आणि ज्या वेळी त्याला थंडी बाधत होती, ती जागा आणि ती वेळ मी कधी तपासलीच नव्हती.

थंडीत झाडाचे नेमके काय होते

घराघरांत दिसणारी गुझमानिया ही बहुतेक वेळा गुझमानिया लिंग्युलाटा या जातीची किंवा तिच्या संकराची असते. ही जात मूळची मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग येथील दमट जंगलांतली असून ती मोठ्या झाडांच्या फांद्यांवर, दाट पानोळ्याच्या सावलीत वाढते. तिची मुळे मुख्यतः फांदीला धरून ठेवण्याचे काम करतात. पाणी आणि अन्नद्रव्ये ती पानांच्या तळाशी तयार झालेल्या पेल्यातून, पानांवरील सूक्ष्म खवल्यांवाटे शोषून घेते. पावसाचे पाणी, गळून पडलेला पालापाचोळा, किडे-मुंग्या असे सारे त्या पेल्यात साठते. त्या जंगलात दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात फार मोठे अंतर पडत नसल्यामुळे पेल्यातले पाणीही फारसे गार पडत नाही.

अशा झाडाला दिवसा साधारण १८ ते २७ अंश तापमान मानवते आणि रात्री ते १५ अंशांच्या खाली न जाणे उत्तम. १२-१३ अंशांपर्यंत झाड नुसते थांबून राहते, त्याची वाढ खुंटते. त्याहून खाली गेल्यावर मात्र इजा होऊ लागते. ही इजा म्हणजे गोठणे नव्हे, कारण पाणी गोठण्याच्या कितीतरी अलीकडेच ती होते. केळे फ्रीजमध्ये ठेवले की त्याची साल काळी पडते, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. तेथे जे घडते तेच येथेही घडते. उष्ण प्रदेशातील वनस्पतींच्या पेशींची आवरणे कमी तापमानात ताठर होतात, त्यांतून आतील रस पाझरू लागतो आणि तो भाग आधी पाणी शोषल्यासारखा, काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो व मग तपकिरी पडतो. रस पाझरलेली ही पेशी जिवाणूंना आणि बुरशीला आयते खाद्य ठरते. गाभ्यात गार पाणी साचलेले असेल, तर सडण्याला लागणारे सर्व काही तेथे एकाच जागी मिळते. म्हणून बुरशीचे निदान खोटे नव्हते. बुरशी होतीच, परंतु ती थंडीने उघडून दिलेल्या दारातून आत आली होती.

आणखी एक गोष्ट अशी, की गार मातीत मुळांचे काम मंदावते. मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून पाने मलूल दिसतात, ती मलूल दिसतात म्हणून आपण पाणी वाढवतो आणि ओल्या गार कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मुळेही सडू लागतात. पाणी जास्त झाल्याचा जो निर्वाळा मला पहिल्या वर्षी मिळाला होता, त्याचे मूळ येथे होते.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की अननसही याच कुळातला आहे आणि पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणल्यापासून तो गोव्यात आणि कोकणात उघड्यावर पिकतो आहे, मग या झाडाचे एवढे लाड कशासाठी? अननस हे जमिनीत वाढणारे, जाड व चिवट पानांचे, उन्हाला सरावलेले झाड आहे आणि ज्या कोकणपट्टीत तो पिकतो तेथे रात्री एवढ्या गार होतच नाहीत. कूळ एक असले तरी गुझमानियाचे पान हाताला लागते तेच मऊ आणि पातळ. त्या पानाकडून अननसाच्या चिवटपणाची अपेक्षा ठेवणे योग्य होणार नाही.

तापमान मोजायचे कुठे आणि केव्हा

चौथ्या हिवाळ्यात मी मासे पाळण्याच्या टाकीसाठी मिळतो तसा, तारेच्या टोकाला संवेदक असलेला छोटा डिजिटल तापमापक आणला. त्याची तार पानांच्या मधून अलगद खाली सोडून ते टोक पेल्यातील पाण्यात बुडेल असे ठेवले आणि दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहून ठेवले. कुंडी तेव्हा बाल्कनीच्या सरकत्या दाराशेजारी, आतल्या बाजूला, कडप्प्याच्या ओट्यावर होती. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातील एका दिवसाची नोंद अशी आहे: रात्री दहा वाजता खोलीत २१, पेल्यात २०, सकाळी सव्वासहाला दिवाणखान्यातील भिंतीवर १७.५, कुंडीजवळच्या हवेत १३ आणि पेल्यात ११.५. भिंतीपासून कुंडीपर्यंतचे अंतर जेमतेम बारा फूट होते.

हा फरक कसा पडला, ते शोधताना तीन गोष्टी पुढे आल्या. आमच्याकडे डासांमुळे दिवेलागणीला दारे-खिडक्या लावून घेतात आणि पहाटे साडेपाचला घरातील वडीलधारी मंडळी उठली की मोकळ्या हवेसाठी त्या उघडतात. दिवसातील सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असते, म्हणजे नेमक्या त्याच वेळी बाहेरची गार हवा थेट कुंडीवर येत होती. दुसरी गोष्ट कडप्प्याची. दगड रात्रभर निवत जातो आणि वर ठेवलेल्या कुंडीचा तळही निववतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेल्यातले पाणी त्याच्या भोवतालच्या हवेपेक्षाही दीड अंशाने गार होते, आणि त्याचे कारण माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच. देशावरची हिवाळी हवा कोरडी असल्यामुळे पाण्याची वाफ होत राहते आणि ती वाफ होताना उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. कुंडी मातीची असेल तर तीही अशीच पाझरते व मुळांना गारठवते. उन्हाळ्यात वरदान ठरणारी मातीची कुंडी हिवाळ्यात या झाडाला बाधते.

मोबाइलवर दिसणाऱ्या शहराच्या किमान तापमानाचा उपयोग फक्त इशारा म्हणून करावा. तो आकडा वेधशाळेतील सावलीच्या पेटीतला असतो, आणि एकट्या पुणे शहरातच पाषाण, शिवाजीनगर आणि लोहगाव येथील किमान तापमानांत काही अंशांचा फरक पडत असतो. पुण्याची हवा सौम्य मानली जाते, तरी १७ जानेवारी १९३५ रोजी येथे १.७ अंशांची नोंद झालेली आहे. निफाडसारख्या ठिकाणी तर एक आकडी तापमान नित्याचे आहे, आणि द्राक्षबागायतदार अशा रात्री शेकोट्या पेटवून बागा जपतात. निरभ्र आकाश, थांबलेला वारा आणि कोरडी हवा अशी रात्र असेल, तर बाल्कनीतले झाड वेधशाळेच्या आकड्यापेक्षाही खाली गेलेले असू शकते.

नोंदी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. थंडीची इजा ज्या रात्री होते त्या रात्री दिसत नाही. माझ्या वहीत २१ डिसेंबरला ११.५ अंशांची नोंद आहे आणि गाभ्याजवळ पहिला काचेसारखा डाग दिसल्याची नोंद ३ जानेवारीची. मधल्या तेरा दिवसांत मी झाडाला एकदा खत दिले होते आणि एकदा जागा बदलली होती. वही नसती, तर मी निश्चितपणे त्या खताला दोष दिला असता.

थंडीचा दोष की दुसरे काही

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी स्पष्ट असावी. गुझमानियाला आयुष्यात एकदाच तुरा येतो आणि तो काही महिने टिकल्यानंतर ते झाड हळूहळू वाळत जाते. हा रोग नाही, ही त्याची रीत आहे. केळीचा लोंगर उतरला की ते खोड संपते आणि बाजूचे मुनवे वाढतात, तसेच येथेही बाजूने पिल्ले फुटतात. हे वाळणे बाहेरच्या, खालच्या पानांपासून सुरू होते, त्याला सहा महिने ते वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो आणि त्याला दुर्गंध नसतो. थंडीने होणारा नाश याच्या उलट आतून, गाभ्यापासून सुरू होतो, दोन-तीन आठवड्यांत पुढे सरकतो आणि त्याला वास येतो. तुरा हिरवट पडत असेल, खालची पाने कागदासारखी सुकत असतील, पण गाभा बोटांनी चाचपल्यावर घट्ट लागत असेल, तर झाडाला वाचवण्याची धडपड करू नये; पिल्लांची वाट पाहावी.

केवळ पानांची टोके तपकिरी होऊन कडक झाली असतील, तर ती कोरड्या हवेची खूण समजावी. पानाच्या मधोमध, उन्हाच्या बाजूने, फिकट पिवळट आणि कोरडा चट्टा पडला असेल तर ते ऊन लागणे होय. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यामुळे पेल्याच्या काठाने पांढरे कडे साचते, त्याचा तापमानाशी संबंध नाही. थंडीचा डाग आधी ओलसर आणि गडद असतो, तो बहुधा काचेला टेकलेल्या पानांवर किंवा पाणी साचते त्या रेषेखाली दिसतो, आणि बोटाने दाबले असता तेथे पान मऊ लागते. माझ्या झाडावर हा डाग बरोबर पाण्याच्या पातळीपर्यंत होता. वरचे पान हिरवेगार आणि खालचे दोन बोटे पान उकडलेल्या भाजीसारखे, अशी सरळ सीमारेषा तेथे दिसत होती. ती रेषा पाहिल्यावर माझ्या मनात काही शंका उरली नाही.

हिवाळ्यातील व्यवस्था

एकटी थंडी हे झाड काही प्रमाणात सोसते आणि एकटे पाणीही सोसते. दोन्ही एकत्र आली की ते जाते. एखाद-दोन रात्री १०-११ अंश झाले आणि पेला कोरडा असला, तर झाड बहुधा तगून जाते. म्हणून नोव्हेंबरच्या मध्यापासून पहिले काम पेला रिकामा करण्याचे. कुंडी आडवी धरून पाणी ओतून टाकावे, आणि पुढील तीन महिने पेल्यात तळ ओला राहील इतकेच, चमचा-दोन चमचे पाणी ठेवावे. हे पाणी सकाळी दहा-अकराच्या सुमारास घालावे, म्हणजे दुपारच्या उबेत पाने ते घेतात आणि रात्रीपर्यंत गाभ्यात साचलेले पाणी फारसे उरत नाही. संध्याकाळी पाणी देण्याची सवय असल्यास या काळात ती आवर्जून मोडावी. (पेला भरलेला ठेवण्याच्या दिवसांत ते पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदलणे डासांच्या दृष्टीने आवश्यकच असते, हिवाळ्यात ती काळजीही आपोआप कमी होते.)

पाणी कोणते घालतो हेही पाहावे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी डिसेंबरात सकाळी सातला मी मोजले तेव्हा १५ अंश होते. उबदार खोलीतील झाडाच्या गाभ्यात ते तसेच ओतणे म्हणजे आपण होऊन थंडी आत नेणे आहे. मी आदल्या रात्री प्लास्टिकच्या तांब्यात पाणी भरून स्वयंपाकघरात ठेवतो. तांब्या-पितळेची भांडी मात्र या कामी वापरू नयेत, कारण ब्रोमेलियाड कुळाला तांबे अजिबात चालत नाही. त्याविषयी पुढे आणखी लिहिले आहे.

जागेचा विचार करताना प्रकाश आणि ऊब यांची ओढाताण होते. हिवाळ्यात झाड खिडकीपासून दूर नेले तर प्रकाश कमी पडतो, जवळ ठेवले तर पहाटेचा गारवा लागतो. मी झाड दिवसा पूर्वेच्या खिडकीपासून दोन हातांवर ठेवतो आणि रात्री झोपण्यापूर्वी आतल्या भिंतीजवळच्या लाकडी कपाटावर उचलून ठेवतो. उंचावर ऊब थोडी अधिक असते. हे रोजचे उचलणे शक्य नसेल, तर निदान कुंडीखाली लाकडी पाट किंवा थर्मोकोलचा जाड तुकडा द्यावा, एकही पान काचेला टेकू देऊ नये आणि खिडकी व झाड यांच्यामध्ये जाड सुती पडदा ठेवावा. घरातील ज्येष्ठांना पहाटेची खिडकी बंद ठेवायला सांगणे मला योग्य वाटले नाही. त्याऐवजी मी झाडाची जागा बदलली आणि आईने ती खिडकी सोडून स्वयंपाकघराची उघडण्याचे स्वतःहून मान्य केले.

झाडाला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो घरातील झाडाच्या बाबतीत मानू नये. पिशवीच्या आतल्या बाजूला दव धरते, ते गाभ्यात ओघळते आणि जे टाळायचे तेच घडते. रूम हीटरचा झोत थेट झाडावर आला तर पाने एका दिवसात टोकाकडून करपतात. स्वयंपाकघर उबदार असते हे खरे, पण पिकलेल्या केळ्यांची किंवा सफरचंदांची टोपली शेजारी असेल तर तिच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे लहान पिल्लांना अवेळी तुरा येऊ शकतो. पूर्ण वाढलेल्या पण न फुलणाऱ्या झाडाला मुद्दाम सफरचंदाबरोबर झाकून ठेवण्याची युक्ती याच गुणावर आधारलेली आहे. लहान पिल्लू मात्र त्यामुळे वाया जाते.

कुंडीतील मिश्रणाबद्दल एवढेच, की नर्सरीतून येणारे झाड बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असते, आणि पॉलीहाऊसच्या उबेत योग्य ठरणारे ते कोकोपीट आपल्या घरच्या जानेवारीत दहा-दहा दिवस ओले राहते. ऑक्टोबर संपण्याच्या आत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळशाचे तुकडे आणि थोडे परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खनिज) अशा मोकळ्या मिश्रणात, लहान प्लास्टिकच्या कुंडीत झाड हलवावे. थंडी सुरू झाल्यावर मुळांना हात लावू नये. खत फेब्रुवारीपर्यंत पूर्ण बंद ठेवावे.

गाभा सडायला लागलाच तर

डाग दिसल्याबरोबर पेला रिकामा करावा, खोलीच्या तापमानाच्या स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा खळबळून पुन्हा ओतून टाकावा आणि सहज सुटतील तेवढीच सडकी पाने काढावीत. घट्ट असलेली ओढू नयेत. त्यानंतर कुंडी दोन दिवस आडवी ठेवावी, म्हणजे गाभ्यात हवा खेळते. तुरा सुटून आला असेल तर त्याचे वाईट वाटून घेऊनही झाड फेकू नये. खोडाचा तळ घट्ट असेल, तर तेथून पिल्ले फुटण्याची चांगली शक्यता असते.

याच वेळी होणारी एक मोठी चूक मला तळमळीने सांगावीशी वाटते. सड दिसली की आपल्याकडे सवयीने कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी होते किंवा बोर्डो मिश्रण लावले जाते. ही दोन्ही तांबेयुक्त बुरशीनाशके आहेत. टोमॅटोला, लिंबाला, द्राक्षाला ते उपयोगी पडते. या कुळातील झाडाला ते विषासारखे आहे. पेला हाच या झाडाचे पाणी पिण्याचा मार्ग असल्यामुळे त्यात पडलेले तांबे थेट आत जाते, आणि थंडीने दुखावलेले झाड जे कदाचित जगले असते, ते औषधाने मरते. माझे दुसऱ्या वर्षीचे झाड बहुधा असेच गेले. त्या वर्षी फवारणीनंतर चार दिवसांत सगळी पाने तळापासून काळवंडली होती, आणि मी तेव्हा बुरशी फार बळावली होती असे समजून गप्प बसलो. कोरडेपणा आणि ऊब यांवरच भर द्यावा.

फुटलेली पिल्ले थंडीत वेगळी करू नयेत. ती मूळ झाडाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा अर्ध्याइतकी झाली आणि मार्च उजाडला, म्हणजे काढावीत.

उन्हाळा आणि एसी

उन्हाळ्यात उलट बाजूची हीच समस्या उद्भवते, आणि तेथेही खोलीपेक्षा पेल्याचेच तापमान पाहावे लागते. सावलीत ३२-३३ अंशांपर्यंत, हवा दमट असेल तर, गुझमानिया तक्रार करत नाही. पुण्यात एप्रिलमध्ये पारा ३८-३९ अंशांवर जातो, हवा कोरडी असते आणि पश्चिमेच्या बाल्कनीतील फरशी संध्याकाळी पाय ठेवू देत नाही. अशा वेळी पेल्यातले पाणी कोमट होते, थेट ऊन पडले तर चटका बसण्याइतके तापते आणि पानांचे तळ त्यात अक्षरशः शिजतात. गच्चीच्या टाकीतले पाणी दुपारी वापरले तरी परिणाम तोच होतो. उन्हाळ्यात म्हणून पहाटे किंवा रात्री पाणी द्यावे, पेला अर्धा भरलेला ठेवावा, ते पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे आणि कुंडी फरशीवरून उचलून विटांवर किंवा स्टँडवर ठेवावी.

एसीच्या बाबतीत रिमोटवरील आकड्यावर विसंबून राहू नये. रिमोटवर २४ लावलेले असले तरी झडपेतून बाहेर पडणारी हवा त्याहून पुष्कळ गार, बहुधा दहाएक अंशांनी खालची असते, आणि ती कोरडीही असते. झडपेच्या समोर ठेवलेल्या झाडाला मे महिन्यात डिसेंबरची पहाट भोगावी लागते, आणि एसी बंद झाला की पुन्हा ३४ अंश. उन्हाळ्यात गाभा सडला असे सांगणाऱ्यांना मी पहिला प्रश्न कुंडी एसीच्या झोतात आहे का, हाच विचारतो. विदर्भात, जेथे मे महिन्यात ४२-४३ अंश नित्याचे असतात, तेथे एसीच्या खोलीपेक्षा कूलरच्या खोलीत हे झाड अधिक सुखात राहते, कारण कूलरची हवा ओलसर असते. झोत मात्र तेथेही अंगावर घेऊ नये.

मुंबई, ठाणे आणि खाली कोकण-गोव्यात राहणाऱ्यांना हिवाळ्यातील यातले बहुतेक काही करावे लागत नाही. तेथे जानेवारीतील रात्रीचे तापमान सहसा १५ अंशांच्या वरच असते.

ज्यांना रात्री झाड आत घेणे जमणार नाही, ज्यांची बाल्कनी उघडी आहे आणि घर गारठ्याचे आहे, त्यांनी गुझमानियाचा आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. याच कुळातील निओरेगेलिया आणि रुपेरी पट्ट्यांची एकमिया फॅसिएटा या ब्राझीलच्या आग्नेय भागातील आहेत, तेथील हिवाळा थोडा गार असतो आणि त्यांची पानेही जाड असतात. एकमिया १० अंशांच्या आसपास आणि निओरेगेलिया त्याहूनही थोडी खाली, पेला जवळजवळ कोरडा असल्यास, निभावून नेते. माझ्या बाल्कनीत निओरेगेलियाची एक कुंडी गेली तीन वर्षे बारा महिने बाहेर आहे. थंडीत तिचा गाभ्याचा लाल रंग उलट अधिक गडद होतो.

फेब्रुवारीत घाई होते, म्हणून हे शेवटी लिहीत आहे. दुपारचे ऊन जाणवू लागले की झाडाला पाणी वाढवावेसे वाटते, पण पहाटे अजून गारवाच असतो. महाशिवरात्रीच्या आसपास एखादी लाट पुन्हा येऊन जाते. मी संवेदक पेल्यात तसाच ठेवतो आणि सलग आठ सकाळी आकडा १५ च्या वर राहिला, म्हणजे पहिल्या दिवशी पाव पेला, पुढच्या आठवड्यात अर्धा, अशा क्रमाने पाणी वाढवतो. गेल्या वर्षी तो दिवस २६ फेब्रुवारीला आला. चौथ्या हिवाळ्यातून निभावलेली ती गुझमानिया तुरा सुकून आता संपत आली आहे, तिच्या दोन पिल्लांपैकी मोठे वीतभर झाले आहे, आणि कपाटावरची तिची रात्रीची जागा यंदापासून त्याला दिली आहे.